गावतलावांचे पुनरुज्जीवन : पूर्व विदर्भातील लोकप्रयत्न

पूर्व विदर्भातील भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. लगतच्या चंद्रपूर व गडचिरोलीसह या भागात सहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार हेरून मातीच्या पाळी बांधल्या आणि भातशेतीला पाण्याची हमी मिळवून दिली. याच पाण्यावर ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

१९५१ मध्ये मालगुजारी पद्धती संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. पाळ, सांडवा व पाट यांच्या डागडुजीत गावाचा असलेला सहभाग हळूहळू ओसरला. तलाव गाळाने भरू लागले आणि काठावर बेशरमाची झुडपे माजली.

मासे का घटले?

तलाव म्हणजे केवळ साठविलेले पाणी नव्हे. पाण्याखालील हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, पृष्ठभागावरील कमळवर्गीय वनस्पती आणि उथळ काठावरील देवधान यांच्या आश्रयाने मरळ, शिंगी, मागूर असे स्थानिक मासे वाढतात. मरळ तर पाणवनस्पतींतच घरटे करून पिलांची राखण करते. उत्पादनवाढीसाठी सोडलेल्या रोहू, कतला व मृगळ या माशांची वीण साचलेल्या पाण्यात होत नाही. त्यामुळे त्यांचे बीज वेळोवेळी विकत आणावे लागते. गवत्या मासा वनस्पती खातो, तर सायप्रिनस तळ उकरून त्यांची मुळे उखडतो. वनस्पतींचा आसरा गेला की स्थानिक मासे घटतात आणि गरीब मच्छीमाराचे हक्काचे अन्न व उत्पन्न दोन्ही बुडतात.

लोकांनी हाती घेतलेले कार्य

ही साखळी ओळखून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाला अभ्यासाची जोड दिली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छीमार सहकारी संस्था व महिला गट या कार्यात पुढे आले. बेशरमाच्या तुकड्यालाही मुळे फुटतात. म्हणून तो केवळ न कापता समूळ उपटण्यात आला. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरून पावसाळ्याच्या प्रारंभी स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करण्यात आली. अशा तलावांत स्थानिक मासे व पाणपक्षी परतू लागल्याचा अनुभव आहे.

पंचायतींचे कर्तव्य

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. या नोंदवहीत तलावातील वनस्पती व मासे यांची नोंद मच्छीमारांना सोबत घेऊन व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या कामी सहभागी करावे. गाळ काढताना यंत्राने संपूर्ण तळ खरवडल्यास कंद व बीजेही नष्ट होतात. म्हणून वनस्पतींचे पट्टे राखूनच गाळ उपसणे इष्ट होय. कोणते मत्स्यबीज सोडावे, याचा निर्णयही मच्छीमार संस्थेच्या विचारानेच व्हावा.

शेतकऱ्याला पाणी हवे आणि ढिवराला मासा हवा. एकाच तलावावरील या दोन्ही गरजांचा मेळ ग्रामसभेतच घालता येईल. तसे झाल्यास पूर्वजांनी श्रमाने उभारलेला हा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत सोपविता येईल.