सहवाही माहिती-बफर

जालकाने जोडलेल्या संचयन-यंत्रणेकडे लेखनाची आज्ञा पाठविताना तिच्याबरोबर, त्याच संदेशात, लिहावयाची माहितीही पाठविता येते. अशा माहितीस सहवाही माहिती आणि ती उतरवून घेण्यासाठी संचयन-यंत्रणेच्या स्मृतीत आगाऊ राखून ठेवलेल्या जागेस सहवाही माहिती-बफर म्हणतात. संगणक-व्यवसायात या माहितीस ‘इनलाइन डेटा’ हे नाव रूढ आहे. बफराचे आकारमान संचयन-चालकात, म्हणजे साधनाचे नियंत्रण करणाऱ्या कार्यक्रमात, ठरवून द्यावे लागते.

कार्यपद्धती : लेखन दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत यजमान संगणक केवळ आज्ञा पाठवितो. संचयन-यंत्रणा जागा उपलब्ध करून माहिती मागवून घेते व लेखन झाल्यावर पोच देते. दुसऱ्या रीतीत आज्ञा व माहिती एकत्रच येतात आणि मागणीची एक फेरी वाचते. मुंबई-आग्रा व नासिक-पुणे हे महामार्ग जेथे मिळतात, त्या नासिकच्या द्वारका चौकाजवळ एक गोदाम आहे अशी कल्पना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. लहान पुडके पावतीबरोबरच आले, तर ते लगेच फळीवर ठेवता येते. ट्रकभर माल मात्र जागेची चौकशी करूनच पाठवावा लागतो. पुडक्यांसाठी फळी सदैव रिकामी ठेवावी लागते, ही या सोयीची किंमत होय. वाचनाच्या वेळी माहिती उलट दिशेने येत असल्याने तेथे या बफराचा उपयोग नसतो.

मर्यादा : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयस्कझी’ मानकात, न मागता पाठवावयाच्या माहितीची मर्यादा दोन्ही बाजू जोडणीच्या वेळी ठरवितात, वेगळे काही न ठरल्यास ती ६५,५३६ बाइट असते. ‘एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स’ या २०१६ मधील मानकात ६४ बाइटांची आज्ञा व तिची सहवाही माहिती एका संपुटात जाते आणि संपुटाचे कमाल आकारमान संचयन-यंत्रणा आधी जाहीर करते. लिनक्स प्रणालीच्या दूरस्थ थेट स्मृतिप्रवेश पद्धतीच्या चालकात हे आकारमान २०१८ पासून बदलता येते. सामान्यतः ते ४,०९६ बाइट असून १६,३८४ बाइटांपर्यंत वाढविता येते. शून्य दिल्यास ही सोय बंद होते. मर्यादेपेक्षा मोठे लेखन नाकारले जात नाही, ते पहिल्या रीतीने होते. ही पद्धत ज्यावर चालते ते इन्फिनिबँड जालक पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या ‘परम सिद्धी-एआय’ (२०२०) या महासंगणकात वापरलेले आहे.

आकारमानाची निवड : बफर प्रत्येक संभाव्य आज्ञेसाठी वेगळा राखला जातो. एका रांगेत १२८ आज्ञा, प्रत्येक यजमानाच्या ६४ रांगा व १०० यजमान धरल्यास ४,०९६ बाइटांच्या बफरांना सु. ३.१ गिगाबाइट, तर १६,३८४ बाइटांच्या बफरांना १२.५ गिगाबाइट स्मृती लागते. काम नसतानाही ती अडकून राहते. अनेक जोडण्यांनी एकच स्वीकार-रांग वापरल्यास हा भार बराच कमी होतो.

याउलट बफर अपुरा असल्यास प्रत्येक लेखनाला एक फेरी जादा पडते. पोस्टग्रेस-एसक्यूएल या माहिती-संचय प्रणालीचे पृष्ठ सामान्यतः ८,१९२ बाइटांचे असते. म्हणून ४,०९६ बाइटांच्या मर्यादेत त्याचे एकही पूर्ण पृष्ठ आज्ञेबरोबर जाऊ शकत नाही. मोठ्या चित्रफितींच्या लेखनात मात्र बहुतेक वेळ माहितीच्या वहनातच जात असल्याने वाचलेल्या फेरीचे महत्त्व अल्प असते. यास्तव प्रत्यक्षात होणाऱ्या लेखनांची आकारमाने मोजून, त्यांतील बहुसंख्य लहान लेखने जेमतेम मावतील असा बफर ठेवणे इष्ट ठरते.

आकारमान कितीही असले, तरी आज्ञेत सांगितलेली माहितीची लांबी बफरात मावते की नाही, हे चालकाने तपासणे अत्यावश्यक असते. ही तपासणी राहिल्यास जादा माहिती शेजारच्या स्मृतीवर लिहिली जाऊन इतरांच्या नोंदी बिघडू शकतात, तसेच यंत्रणेत अनधिकृत प्रवेशाला वाट मिळू शकते.