हाड जुळत नाही? 'शॉक वेव्ह' म्हणजे करंट नव्हे!

देवगाव रंगारी : पाय मोडला, रॉड टाकला, आठ-दहा महिने झाले तरी डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात, "हाड अजून धरलं नाही." घरचा कर्ता माणूस असा खाटेवर पडला की अख्खा हंगाम हातचा जातो. अशा वेळी दुसऱ्या ऑपरेशनऐवजी कधी कधी शॉक वेव्ह उपचार सुचवला जातो. शॉक म्हटलं की आपल्याला मोटारीचा स्टार्टर आठवतो. पण यात अंगात करंट सोडत नाहीत.

मुतखडा बाहेरून फोडायचं मशीन बऱ्याच जणांना माहीत असेल. 1980 मध्ये जर्मनीत म्युनिकला ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं. हाडाचा उपचार त्याच्यातूनच निघाला. दाबाच्या लाटा कातडीतून जाऊन मोडलेल्या जागी पडतात. त्यानं तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि थांबलेलं सांधायचं काम परत सुरू होऊ शकतं. चिरफाड नाही, पण जोराच्या लाटा दुखतात म्हणून भूल देतात. नंतरही हाड जुळायला काही महिने जातातच, लगेच ट्रॅक्टरवर बसता येत नाही.

गुण येतो का? इटलीतल्या डॉक्टरांनी 126 रुग्णांची तुलना 2009 मध्ये छापली. सहा महिन्यांनी शॉक वेव्हच्या दोन गटांत 70 आणि 71 टक्के, तर ऑपरेशनवाल्यांत 73 टक्के हाडं जुळली. फरक नाहीच म्हणा ना. पण ही सगळी हाडं एकाच जातीची होती. टोकांना नवं हाड येत होतं, फक्त मधे सांधत नव्हतं.

जखमेत पू असेल, दोन तुकड्यांत जास्त फट असेल किंवा रॉड-प्लेट ढिली असेल, तर आधी तेच दुरुस्त करावं लागतं. गरोदर बाई, कॅन्सरची गाठ, फुफ्फुसावरची जागा, लहान मुलांच्या हाडाची वाढीची टोकं, इथं हा उपचार करत नाहीत.

आणखी एक. टाचदुखीसाठी शेक देणाऱ्या सेंटरवर 'शॉक वेव्ह'ची पाटी दिसते. तिथलं मशीन बहुतेक वरवरच्या लाटांचं असतं. हाडाला खोलवर एका जागी पडणाऱ्या, जोरदार लाटा लागतात. पाटी बघून पैसे भरू नका. आधी घाटीच्या हाडांच्या ओपीडीत किंवा तुमच्या ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारा, "माझं हाड यात बसतं का?" योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा. जाताना पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे न्या. बिडी-तंबाखू आणि शुगर असेल तर तेही लपवू नका, हाड न धरण्यामागं बऱ्याचदा तेच असतं.