आइसलंडचा स्वभाव लाव्हातून आलेला नाही

आइसलंडविषयी लिहिणारे बहुतेक जण निसर्गापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. बर्फ, ज्वालामुखी, हिवाळ्यातली लांबलचक रात्र. अशा भूमीत माणसे काटक आणि एकमेकांना धरून राहणारीच निपजणार, असा हा हिशेब. महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आकाराच्या या बेटावर जेमतेम चार लाख लोक राहतात, त्यामुळे तो चटकन पटतोही. मला मात्र तो अपुरा वाटतो. निसर्ग हजार वर्षे तोच आहे. त्याला तोंड देण्याची लोकांची ताकद मात्र बदलत गेली.

1783 च्या जूनमध्ये लाकीची भेग फुटली आणि आठ महिने धुमसत राहिली. विषारी वायूंनी गवत नासले, निम्म्याहून अधिक गुरे आणि बहुतेक मेंढ्या मेल्या, आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातला दर पाचवा माणूस दगावला. लोक तेव्हाही काटकच होते. पण सत्ता डेन्मार्कची होती, व्यापाराचा मक्ताही जवळजवळ दोन शतके डॅनिश व्यापाऱ्यांकडे होता. धान्य कुठून आणायचे, हे ठरवणेसुद्धा आइसलंडच्या लोकांच्या हाती नव्हते. 930 साली थिंगवेलिरच्या माळावर भरू लागलेली त्यांची अल्थिंग ही सभा नावापुरती उरली होती, आणि 1800 मध्ये तीही बंद झाली. ती 1845 मध्ये सल्लागार म्हणून परतली, 1904 मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि 17 जून 1944 रोजी त्याच माळावर प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

आता 1973 पाहा. 23 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर हेमाए बेटावर गावाला लागूनच जमीन फाटली. सुमारे 5,300 रहिवाशांपैकी जवळजवळ सगळे पहाटेपर्यंत मासेमारीच्या बोटींतून मुख्य भूमीवर पोहोचले. शेकडो घरे गेली, पण बंदराकडे सरकणाऱ्या लाव्हावर समुद्राचे पाणी महिनोन्‌महिने फवारून लोकांनी बंदर वाचवले. पुढे बरेच जण परत येऊन राहिले. यावर कोणी म्हणेल की लाकीचा उद्रेक कितीतरी मोठा होता, आणि आदल्या दिवशीच्या वादळामुळे बोटी नेमक्या बंदरात होत्या. दोन्ही खरे आहे. तरीही त्या बोटी, ते पंप आणि रात्रीत निर्णय घेणारे प्रशासन हे नशिबाने मिळालेले नव्हते. स्वतःचा कारभार हाती घेतलेल्या देशाने ते उभे केले होते. मासेमारीच्या हद्दीसाठी हाच देश ब्रिटनशी तीनदा भिडला आणि 1976 मध्ये 200 मैलांची हद्द मान्य करवून घेऊन थांबला.

याहून अवघड आक्षेप 2008 चा आहे. त्या ऑक्टोबरमध्ये तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या. सगळे एकमेकांना ओळखत असलेल्या समाजात कोणी कोणावर कडक नजर ठेवली नाही, हे त्यामागचे एक कारण नाकारता येत नाही. म्हणजे एकोप्याच्या पोटातच हा दोष आहे. म्हणूनच पुढचे प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात. लोक भांडीकुंडी वाजवत संसदेसमोर जमले, जानेवारी 2009 मध्ये सरकार पडले, अनेक बँकप्रमुख तुरुंगात गेले आणि माजी पंतप्रधानांवरही खटला चालला. नव्या राज्यघटनेचा मसुदा नागरिकांच्या परिषदेने तयार केला. 2012 च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी त्याला कौल दिला. संसदेने मात्र तो मंजूर केला नाही, आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही.