बारा हजार फेरे आणि एक ब्रेक

मूर्तिजापूर ते अचलपूर या शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या रुळांची लांबी 76 किलोमीटर. तेवढंच अंतर फिक्सीवर, म्हणजे फ्रीव्हील नसलेल्या सायकलीवर कापायचं ठरवलं, तर पायडलचे 12,063 फेरे होतात. त्यातला एकही फेरा माफ नाही. उतार लागला म्हणून पाय थांबवता येत नाहीत, वारा पाठीशी आहे म्हणून नाही, पाणी प्यायचं आहे म्हणूनही नाही. यवतमाळच्या बाजूला, कारंजा-दारव्ह्याकडून जाणाऱ्या 113 किलोमीटरच्या फाट्यावर हाच आकडा अठरा हजारांच्या जवळ जातो.

हिशेब साधा आहे. पुढच्या चक्राला 48 दात, मागच्याला 16. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक तीनदा फिरतं. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर, म्हणजे दर फेऱ्याला 6.3 मीटर. आपल्या नेहमीच्या सायकलीत मागच्या चाकावर फ्रीव्हील असतं. पाय थांबले तरी चाक टिकटिक करत पुढे जात राहतं. फिक्सीत ती सोय नाही. मागचं चक्र चाकाला घट्ट जखडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतं आहे तोवर पाय फिरणारच. आणि इथूनच तो प्रश्न निघतो, ज्यावर पुण्या-मुंबईतली तरुण मुलं तावातावाने भांडतात: पाय रोखले की चाक रोखलं जातं, तर मग ब्रेक हवाच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मूर्तिजापूरसारखी जागा नाही, असं मला वाटतं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन हीसुद्धा बिनफ्रीव्हीलची गाडी होती. मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेलं ते झेडडी जातीचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत या 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावलं. त्याचा दट्ट्या दांड्यांनी थेट चाकांना जोडलेला. वाफ बंद केली तरी चाकं फिरत असेपर्यंत दट्ट्या पुढे-मागे होतच राहायचा. इंजिन उलट्या दिशेला टाकून गाडीचा वेग मारता येतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. फिक्सीवाला पाय मागे दाबतो तेव्हा नेमकं तेच करतो. तरीही गाडी फक्त त्या भरवशावर सोडत नसत. ब्रेक वेगळा, इंजिनाच्या ओढीशी संबंध नसलेला.

आता सायकलीचे आकडे पाहू. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरा, वेग ताशी 25 किलोमीटर. त्या हालचालीत सुमारे 1,930 जूल ऊर्जा असते. वेग 40 केला तर ती 4,940 होते. वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढला आणि ऊर्जा अडीचपटीच्या वर गेली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठे तरी जिरवायची.

पुढचा ब्रेक नीट लावला तर सायकल गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या जोराने मंदावते. त्याहून जास्त जोर लावला तर मागचं चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती असते, म्हणून ही जवळजवळ कमाल मर्यादा. 40 च्या वेगावरून अशी सायकल 12.6 मीटरमध्ये, सव्वादोन सेकंदांत थांबते. त्या सव्वादोन सेकंदांत ब्रेक सरासरी 2,180 वॅटच्या दराने ऊर्जा खातो. विहिरीवर बसवतात त्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीइतकं काम अंगठ्याएवढे दोन रबराचे तुकडे करतात. रोज सायकल चालवणारा धट्टाकट्टा माणूस तासभर टिकवू शकतो ती शक्ती दीडशे-दोनशे वॅटची. दोन हजार वॅट काही क्षण काढणारे पाय जगातल्या अव्वल ट्रॅक स्प्रिंटरांचे असतात, आणि तेही पुढे रेटताना.

पण पायात तेवढी ताकद असली तरी उपयोग होत नाही. फिक्सीवाल्याचे पाय फक्त मागच्या चाकाला रोखतात, आणि थांबताना शरीराचं वजन पुढे झुकतं. वजन पुढे गेलं की मागचं चाक हलकं होतं, हलकं झालं की रस्त्यावरची त्याची पकड सुटते. जितकं जोरात थांबवायला जावं तितकी थांबवण्याची क्षमता कमी होत जाते. कोरड्या, चांगल्या डांबरावरही मागच्या चाकाने गुरुत्वाकर्षणाच्या पाव भागापलीकडे मंदावता येत नाही. म्हणजे 40 वरून थांबायला 25 मीटर, दुप्पट. ही मर्यादा रस्त्याची आणि वजनाची आहे, तिथे मांड्यांच्या कसरतीचा काही इलाज चालत नाही.

शिवाय एक लपलेला आकडा आहे. पायडल ज्या जागी असताना मागे जोर लावता येतो, ती जागा प्रत्येक फेऱ्यात दोनदाच येते. समोर बकरी आली तेव्हा पाय नेमके चुकीच्या जागी असतील, तर अर्ध्या फेऱ्यापर्यंत वाट पाहावी लागते. अर्धा फेरा म्हणजे 3.15 मीटर. वेग कितीही असो, हे अंतर तेवढंच राहतं. 40 च्या वेगाला पायडल मिनिटाला 106 फेरे घेत असतं; त्या भिरभिरत्या पायांनी नेमका क्षण पकडायचा आणि त्याच वेळी अंग पुढे झोकून मागचं चाक हलकं करायचं. सराव असलेली मुलं हे सुंदर करतात, बघताना खरोखर छान वाटतं. पण एक सेकंद सुचायला गेला की त्या सेकंदात 11 मीटर आधीच मागे पडलेले असतात.

असं पाय रोखून चाक घसरवलं की टायर झिजतं, आणि त्या झिजण्यात सहावी-सातवीच्या गणिताचा एक चमत्कार आहे. पाय दरवेळी त्याच स्थितीत रोखले जातात, म्हणून टायरचे ठरावीकच भाग रस्त्याला घासतात. किती भाग? पुढच्या आणि मागच्या दातांचा मसावि काढा आणि मागच्या दातांना त्याने भागा. 48 आणि 16 चा मसावि 16, म्हणून उत्तर 1. सगळी झीज टायरच्या एकाच ठिकाणी, थोड्याच दिवसांत आतला कपडा दिसायला लागतो. पुढचं चक्र 46 दातांचं घेतलं तर मसावि 2, भाग 8. आणि 47 चं घेतलं तर मसावि 1, भाग 16. फक्त एक दात कमी केला आणि झीज एका जागेवरून सोळा जागांवर वाटली गेली. कधी डावा पाय पुढे ठेवून, कधी उजवा पाय पुढे ठेवून घसरवलं तर 47 विषम असल्यामुळे त्याच सोळाचे बत्तीस होतात. 51 आणि 17 ही जोडी मात्र पुन्हा एकावर आणून सोडते. शाळेत मसावि कशाला शिकायचा असं विचारणाऱ्या पोट्ट्यांना हे उदाहरण जरूर द्यावं.

मूर्तिजापूरच्या फलाटावर उभं राहिलं की थांबण्याच्या याच प्रश्नाचं राक्षसी रूप समोरून जातं. नागपूरपर्यंत 1867 साली पोहोचलेल्या या मुख्य मार्गावरून कोळशाने भरलेली मालगाडी जाते. 58 वाघिणी, वजन सुमारे 5,000 टन. ताशी 60 किलोमीटर वेगाला तिच्यात जवळजवळ 69 कोटी 40 लाख जूल ऊर्जा असते. 25 च्या वेगाने जाणाऱ्या एका सायकलस्वाराच्या ती 3 लाख 60 हजार पट. मूर्तिजापूर शहरात 2011 च्या सुमारास चाळीसेक हजार लोक होते. बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाला सायकलवर बसवलं, तरी अशी नऊ शहरं एकाच वेळी धावत असल्याएवढी ही ऊर्जा. ही गाडी किलोमीटरभरात थांबवायची म्हटली तर पूर्ण दोन मिनिटं लागतात, आणि मंदावण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दीड टक्क्याहूनही कमी असतो.

ते काम एकट्या इंजिनावर टाकलेलं नसतं. 58 वाघिणींना प्रत्येकी 8 चाकं, एकूण 464. ब्रेक त्या सगळ्या चाकांवर. एकेका चाकाच्या वाट्याला तरीही 15 लाख जूल येतात, म्हणजे 25 च्या वेगावरून सायकल सुमारे 775 वेळा थांबवण्याइतके. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यात एक विलक्षण उलटापालट केली: नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब गेला की ब्रेक लागलेले. गाडी मधेच तुटली, नळी फाटली, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. बिघाड झाला की थांबायचं, हा त्या यंत्राचा स्वभाव. बिनब्रेकच्या फिक्सीचा स्वभाव याच्या बरोब्बर उलटा आहे. चेन तुटली, चेन उतरली, पाय पायडलवरून निसटला, की थांबवण्याचं एकमेव साधन त्याच क्षणी नाहीसं होतं. माझा आक्षेप मुख्यतः इथे आहे. अंतर दुप्पट लागतं हे एक वेळ हळू चालवून भरून काढता येईल. पण आठ-दहा वर्षांच्या पोराच्या अंगावर जाणाऱ्या सायकलीचं थांबणं एका कडीवर अवलंबून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही.

ब्रेकशिवाय फिक्सी चालवणाऱ्यांची बाजू खोटी नाही. ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतोच, नियमानेच नसतो. 250 मीटरच्या, आतल्या बाजूला कललेल्या लाकडी धावपट्टीवर इटलीच्या फिलिपो गान्नाने ऑक्टोबर 2022 मध्ये एका तासात 56.792 किलोमीटर कापले. म्हणजे 227 फेऱ्या, एकेक फेरी सोळा सेकंदांच्या आत, ब्रेकशिवाय. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही सायकलींची धावपट्टी आहे. तिथे ब्रेक नसणं हीच सुरक्षितता, कारण सगळे एकाच दिशेने जातात आणि पुढचा अचानक थांबला तर मागचे त्याच्यावर आदळतील. पण तिथे गल्लीतून कुणी आडवं येत नाही. मूर्तिजापुरात कापसाची बंडी येते, स्टँडमधून यष्टी वळते, संध्याकाळी गुरं परततात.

आणि रस्ते आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. अमरावती-अकोला टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची एक सलग डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत टाकली गेली, गिनीजमध्ये नोंद झाली. 720 माणसं, 36,634 टन डांबरमिश्रण, मिनिटाला जवळजवळ बारा मीटर रस्ता. ताशी 25 ने जाणारा फिक्सीवाला तेवढं अंतर तीन तासांत आणि 11,905 फेऱ्यांत पार करतो. खड्डे असताना वेग आपोआप आवरला जायचा. गुळगुळीत डांबरावर तो आवरायला ब्रेकच लागतो. उत्तरेला गेलं की प्रश्न आणखी टोकदार होतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच, पायथ्याचं परतवाडा त्याच्या सातशेक मीटर खाली. 80 किलोचं वजन तेवढं उतरताना साडेपाच लाख जूल बाहेर पडतात. काही वारा खातो, उरलेले घाटातल्या वळणावळणांवर थोपवावे लागतात. वारा नसताच तर हा हिशेब 25 च्या वेगावरून 280 हून अधिक वेळा थांबण्याचा झाला असता. फिक्सीवर उतारात 50 चा वेग आला तर पाय मिनिटाला 132 वेळा फिरतात, नको असले तरी.

ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्सीला पुढच्या चाकाचा ब्रेक सक्तीचा आहे. मागच्याचं काम पायांनी केलेलं चालतं. लंडनमध्ये 2016 साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून पायी चालणारी एक महिला दगावली, आणि चालवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तीही घोडागाड्यांच्या काळातल्या, 1861 च्या कायद्याखाली. पुढच्या ब्रेकचा हा नियम मला अगदी योग्य वाटतो. तो पायांची कला नाकारत नाही, तिच्या जोडीला फक्त एक स्वतंत्र साधन मागतो.

आपल्याकडे फिक्सीवाले मोजके, पण ब्रेकशिवायच्या सायकली गावोगाव आहेत. ब्रेकचे रबर झिजून पत्रा रिमला घासतो आहे, तार तुटलेली आहे, आणि पोरगा चपलेने जमीन घासत थांबतो आहे, हे दृश्य दर्यापूर-अंजनगावच्या वाटेवर कुठेही दिसेल. त्याच्याजवळ तर पाय रोखून चाक रोखण्याचीही सोय नाही, कारण त्याच्या सायकलीला फ्रीव्हील आहे. फिक्सीच्या ब्रेकवर वाद घालणाऱ्यांनी आधी घरातल्या शाळकरी मुलीच्या सायकलीकडे बघावं असं मी कळकळीने सांगेन.

ब्रेक तपासायला अर्धं मिनिट लागतं. सायकलीशेजारी उभं राहायचं, पुढचा ब्रेक पूर्ण दाबायचा आणि सायकल पुढे ढकलायची. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. ब्रेक दाबूनही पुढचं चाक फिरत राहिलं, तर रबर आणि तार बदलून घ्यायची, आणि बदलेपर्यंत सायकल चालवायची नाही. फिक्सी घेणाऱ्याने दुकानातच पुढच्या फोर्कला ब्रेक बसवण्याचं भोक आहे का ते बघावं. ट्रॅकसाठी बनवलेल्या बऱ्याच फोर्कना ते नसतं. नसेल तर फोर्क बदलून मागावा, आणि दुकानदार नाही म्हणाला तर दुसरी सायकल बघावी. चक्र निवडताना 48 ऐवजी 47 दातांचं मिळालं तर तेच घ्यावं.