गांवाची ओसरी कोणी बांधावी ?

आपल्या घरांतील ओसरी कोणाच्या मालकीची, असें कोणी विचारीत नाहीं. आजोबांची पोथी, मुलांचा खेळ, सुनांचें निवडटिपण, पाहुण्यांची पानसुपारी, हें सारें तेथेंच चालतें. गांवाची ओसरी म्हणजे पार, देवळाचा सभामंडप, विहिरीचा कांठ. ती सरकारी पैशानें बांधून मिळते काय ? या प्रश्नाचें उत्तर धाराशिव जिल्ह्यास फार मोठी किंमत देऊन मिळालें आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजेच आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. सास्तूरसारखीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. जागतिक बँकेनें सरकारास कर्ज दिलें. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें तें अनुदानच होतें.

पक्कीं घरें मिळालीं, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु नव्या गांवांची आंखणी शहरी वसाहतीच्या धर्तीवर झाली. रस्ते रुंद, कोपरे काटकोनी, घरें सुटीं सुटीं. कुटुंबाच्या जमिनीच्या मानानें २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचें घर, आणि पुष्कळ ठिकाणीं एका मापाचीं घरें एका बाजूस. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार त्यामुळें विखुरला. मोकळी जागा पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक झाली, पण घटकाभर टेंकण्यास जागा उरली नाहीं ! जुन्या बोळाच्या सावलींत दोन बायका सहज बोलत उभ्या राहात. मराठवाड्याच्या उन्हांत रुंद रस्त्यावर कोण थांबणार?

याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सुमारें १,३०० गांवांत घरें न हलवितां जागच्या जागीं दुरुस्त व बळकट करावयाचीं होतीं. तेथें ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानें महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदान कसें मिळतें, भिंत कशी बळकट करावी, हें त्यांनीं घरोघरीं समजावून सांगितलें आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोंचविल्या. पैसा त्याच योजनेचा. परंतु येथें घरच्या माणसांस विचारून तो खर्च झाला.

आज वित्त आयोगाचा निधि थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि गांवाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढें मांडावा लागतो. ग्रामसभेपूर्वीं महिला सभा घेण्याची तरतूदही आपल्या राज्यांत आहे. १९९३ च्याच डिसेंबरांत सुरू झालेल्या खासदार निधींतून सभागृहें उभीं राहतात. मात्र तीं पुढें राखण्याचें काम गांवाकडेच येतें. अनुदानानें भिंत उभी राहते. ती कोठें असावी, तिच्यापुढें कोणतें झाड लावावें आणि कुलुपाची किल्ली कोणाकडे राहावी, हें ठरविणें गांवाचें काम आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांचें मूळ गांव असेंच कोठेंतरी आहे, आणि देवदर्शनास आपण तेथें जातों. पुढल्या खेपेस नारळ वाढवून परत फिरण्यापूर्वीं पारावर क्षणभर बसावें. शेजारीं कोण बसतें आणि कोण बसत नाहीं, हें पाहावें. ग्रामसभेंत मांडावयाचा पहिला विषय तेथेंच सांपडेल.