मुलांच्या संगणकाला कूलर घेताना

पोटाला चिमटा काढून संगणक घेतला, की त्याचा वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचे, असा मुलांचा हट्ट सुरू होतो. वेग व व्होल्टेज वाढले की प्रोसेसर जास्त तापतो. एएमडी रायझन ५ ५६०० सोबतचा छोटा कूलर रोजच्या कामाला पुरतो, वाढीव उष्णतेला मात्र अपुरा पडतो. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे.

पाण्याच्या महागड्या कूलरच्या मागे लागू नये. चार उष्णतावाहक नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा कूलर पुरे, असे आम्हांस वाटते. तो एएम४ सॉकेटला बसतो का, हे आधी विचारावे. कॅबिनेटही मोजावे. डीपकूल एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर आहे. झाकणच लागले नाही तर पैसे वाया!

आणि पालकहो, ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर बिघडल्यास वॉरंटी मिळत नाही, हे मुलांना आधीच सांगा.