इंजिन खोलताना मोजायचे काय?

जून लागला, की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मच्छीमार बोटी विसावतात. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायचे, तर हाच काळ सोयीचा.

असेच एक काम मी पाहत होतो. सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन, धूर निळसर येत असलेला, म्हणजे आत वंगणतेल जळत होते. "मिस्त्री, नुसत्या रिंगा बदलून भागेल ना?" बोटमालकांनी विचारले. "आधी मोजूया," एवढेच उत्तर आले. प्रश्न पैशांचा होता, तसाच जिवाचाही. भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर बोट वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते.

इंजिन खोलणे म्हणजे केवळ बोल्ट सोडवणे नव्हे. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करतात. नाहीतर हेड वाकण्याचा धोका असतो. प्रत्येक दट्ट्यावर त्याच्या सिलिंडरचा क्रमांक घालतात. भागांची सरमिसळ झाली, तर कोणत्या सिलिंडरमध्ये बिघाड होता हेच कळेनासे होते.

आता झिजेकडे पाहू. सिलिंडरमधील बदलता येणारी नळी म्हणजे लायनर. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाजवळ. असे का? दट्ट्या वेगात सरकत असताना रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकतो. पण दिशा बदलताना दट्ट्या क्षणभर थांबतो. मिनिटाला १८०० फेरे असतील, तर सेकंदाला ६० वेळा! वेग शून्य झाला, की तेलाचा थर विरतो. त्यातच वरच्या टोकाला ज्वलनाची उष्णता असते आणि वायूंचा दाब रिंगेला भिंतीवर रेटत असतो. म्हणून धातूला धातू घासतो तो मुख्यतः तेथेच.

ही झीज मिस्त्रींनी कशी मोजली? त्यांनी नवी रिंग लायनरमध्ये वरच्या झिजलेल्या भागात ठेवली, उलट्या दट्ट्याने ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधील फट पोलादी पात्यांनी मोजली. ती १.२५ मिलिमीटर भरली. तीच रिंग खाली, न झिजलेल्या भागात ढकलल्यावर फट ०.६५ मिलिमीटर झाली. रिंगेची लांबी तीच, म्हणजे ०.६० मिलिमीटरचा फरक परिघातला. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. त्यामुळे व्यासातील वाढ ०.६० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.१९ मिलिमीटर. डोळ्यांना न दिसणारा फरक फटीत तिपटीहून मोठा होऊन दिसतो.

निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा ही झीज जास्त होती. अशा निमुळत्या नळीत नवी रिंगही नीट बसत नाही; प्रत्येक फेरीत ती उघडमीट करते आणि दाब निसटतो. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, त्यामुळे दाब गेला की ताकदही गेली. मालकांनी लायनर बदलायचे ठरवले.

वर्गात हा प्रयोग स्टीलच्या निमुळत्या पेल्यात करता येतो. जाड कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी आतून भिंतीला टेकवावी. टोकांमध्ये फट राहील इतकीच ती लांब असावी. वर आणि खाली फट मोजून, फरकाला ३.१४ ने भागावे आणि व्यास पट्टीने मोजून ताळा करावा. उत्तर जुळले नाही, तर पट्टी भिंतीला सर्वत्र टेकली होती का, हे आधी तपासावे.